उपास सुटेपर्यंत थांबणार नाही

माझ्या आजाराचं पूर्ण नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही आणि ते शिकायची माझी इच्छाही नाही. दोन परदेशी डॉक्टरांची नावं जोडून ते केलंय म्हणे. हॉस्पिटलात सगळे ‘जीबीएस’ म्हणायचे, मीही तेच म्हणते. ज्याने मला चार महिने गादीवर पाडून ठेवलं, त्याचा याहून जास्त मान ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

हे लिहायला बसले, कारण अशाच आजाराने पडलेल्या कुणाच्या तरी उशाशी बसून कुणीतरी हे वाचून दाखवेल अशी आशा आहे. त्या पडलेल्या माणसाला मला सांगायचंय, की तुझं डोकं जागं आहे हे मला माहीत आहे. लोक तुझ्यासमोर तू तिथे नसल्यासारखं बोलतायत, हेही माहीत आहे. ऐकत राहा. राग आला तर येऊ दे. मला भरपूर आला होता आणि तो माझ्या कामी आला.

माझं नाव प्रमिला. वय सेहेचाळीस. काळेवाडीत दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघं राहतो. नवरा विलास भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे, मुलगी स्नेहल बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आम्ही ख्रिस्ती, मूळचे नेवाशाकडचे. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर तपासणीला आहे. सतरा वर्षं झाली. माझ्या नाकावर राग असतो असं लाइनवरच्या पोरी म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत.

बोटं

सुरुवात बोटांपासून झाली. आमच्या कामात वायरचं टोक कनेक्टरमध्ये बसलं की बारीकसं ‘टिक’ होतं. मशीनच्या आवाजात ते ऐकू येत नाही, बोटाला कळतं. मग वायर हलकेच ओढून बघायची. हललीच नाही तर पीस पुढे सोडायचा. सतरा वर्षं माझ्या बोटांनी ते ‘टिक’ कधी चुकवलं नव्हतं.

त्या सोमवारी पहिल्या शिफ्टला मला ते कळेना. बोटांवर कुणी पातळ कापड गुंडाळल्यासारखं वाटत होतं. दुपारपर्यंत माझ्या हातून गेलेला एक पीस पुढच्या पोरीने पकडला. तिने तो आवाज न करता परत आणून माझ्यासमोर ठेवला, म्हणजे सुपरवायझरला कळू नये. मला इतकी शरम वाटली की जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. वय झालं, रक्त कमी असेल, पंधरा दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं त्याचा अशक्तपणा असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

बुधवारी कंपनीच्या बसमधून काळेवाडी फाट्याला उतरताना पाय खालच्या पायरीवर टेकला आणि तसाच दुमडला. बसमधल्या बायकांनी मला उचलून वडापावच्या गाडीपाशी बाकड्यावर बसवलं. विलास स्कूटर घेऊन आला. मला मागे बसताही येईना, मग रिक्षा केली. रिक्षात मी त्याच्यावर ओरडत होते, की एवढं काय झालंय, उद्या शिफ्ट आहे माझी. घाबरले की मी ओरडते. त्याला ते माहीत आहे, त्याने रिक्षा सरळ हॉस्पिटलला घ्यायला लावली.

इन्सुलेशन

तिसऱ्या दिवशी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं, हातापायांना बारीक शॉक देऊन बघितले, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. मी व्हीलचेअरमध्ये. ते म्हणाले, शरीरात नसांचं जाळं असतं, वायरसारखं. त्या वायरवरचं आवरण तुमच्याच शरीराने चुकून कुरतडायला घेतलंय.

मला हसूच आलं. म्हटलं, “डॉक्टर, इन्सुलेशन गेलेला पीस आम्ही लाल पेटीत टाकतो.”

ते भले माणूस. तेही हसले आणि म्हणाले, आमच्याकडे लाल पेटी नाही. हे आवरण पुन्हा चढतं, पण फार सावकाश. आधी तब्येत खाली जाईल, मग वर येईल. किती खाली जाईल ते आज सांगता येणार नाही.

विलासच्या तोंडचं पाणी पळालं होतं. स्नेहल डॉक्टरांचा शब्दन् शब्द वहीत उतरवत होती. मला भीती वाटली. ती सांगताना मी काही आडपडदा ठेवणार नाही. त्या संध्याकाळी मी अंथरुणात पडल्या पडल्या मोठ्याने, स्पष्ट शब्दांत प्रार्थना केली. प्रार्थना कसली, हुकूमच सोडला. हे उद्यापर्यंत थांबव, एवढंच.

थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी चमचा उचलेना. तिसऱ्या दिवशी पाणी गिळता येईना. चौथ्या दिवशी श्वास अपुरा पडायला लागला आणि तोंडातून नळी घालून मला मशीनवर ठेवलं.

आय.सी.यू.

तिथला दिवस फार लांब असतो आणि त्यात घडत काहीच नाही. सकाळी अंग पुसणं. दर दोन तासांनी कूस बदलणं. नळीतला कफ ओढून काढणं, त्या वेळी जीव जातो की काय असं होतं, आणि मग पुन्हा छत. माझ्या छताला पांढरे चौकोनी पत्रे होते. एकाचा कोपरा किंचित खाली आला होता. मला तो बसवावासा वाटायचा.

भेटायची वेळ दुपारी बारा ते साडेबारा आणि संध्याकाळी पाच ते सहा. त्या वेळात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, बहिणी यायच्या. सगळ्यात पुढे सरोजमावशी. महिला मंडळाच्या अध्यक्ष, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय अडुसष्ट. स्नेहलच्या वेळी माझं बाळंतपण त्यांनीच काढलं होतं. माझ्यासाठी त्या आईच्या जागी. पण आवाज वर्गावरचा. त्या प्रार्थना करायला लागल्या की शेजारच्या बेडच्या पेशंटचे डोळे उघडायचे.

एकदा त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून देवाला विनवलं, की हिच्या हातून कळत-नकळत काही घडलं असेल तर हिला क्षमा कर. बाकीच्या बहिणी “आमेन” म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं अंग दगड झालेलं आणि आत हा जाळ. काय घडलं होतं माझ्या हातून? मी आयुष्यभराचा हिशेब पडल्या पडल्या तपासला. सासूला दोनदा उलट बोलले होते. एका सुपरवायझरला शिवी दिली होती, आणि ती त्याच्या लायकीची होती. एवढ्यासाठी देव माणसाचा श्वास काढून घेत असेल, तर अशा देवाशी मला बोलायचं नव्हतं.

खरं तर बोलता येतही नव्हतं. लहानपणापासून मला प्रार्थना म्हणजे गुडघे टेकणं, हात जोडणं आणि तोंडाने बोलणं एवढीच ठाऊक होती. आता गुडघे नव्हते, हात नव्हते, आवाज नव्हता. डोळे तेवढे वरखाली होत होते. दहा-बारा दिवस मी प्रार्थनेचा एक शब्दही मनात आणला नाही. लोक माझ्याभोवती उभे राहून माझ्या देवाशी बोलत होते आणि मी त्यांच्यात नव्हते. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

कॅलेंडरचं पान

स्नेहलने वाट काढली. घरच्या बायबलच्या वचनांच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मोठी मोठी अक्षरं लिहून आणली. ती ओळीवर बोट ठेवायची, मग अक्षरावर. बरोबर असेल तर मी वर बघायचं, चूक असेल तर डोळे मिटायचे. एका शब्दाला पाच मिनिटं लागायची. काना-मात्रा आम्ही सोडूनच दिल्या होत्या.

पहिला निरोप काय असेल याची सगळ्यांना उत्सुकता. विलासला वाटलं मी त्याचं नाव घेईन. मी सांगितलं, पाठ खाजवा. स्नेहल हसली आणि रडली आणि तिने माझी पाठ खाजवली. त्या दिवसाइतकं सुख मला त्या महिन्यात दुसरं मिळालं नाही. कुणाचं माणूस असं पडलं असेल तर त्याला पहिल्या दिवसापासून अशी पाटी करून द्या. ते जागं आहे का, याची वाट बघू नका. ते जागं आहे.

सही

मशीनवर अकरावा दिवस होता. गुरुवार. डॉक्टरांनी विलासला माझ्या पायथ्याशीच सांगितलं, की तोंडातली नळी आता जास्त दिवस ठेवता येणार नाही. छातीत कफ धरलाय, ताप सुरू झालाय. गळ्याला छोटं छिद्र करून तिथून नळी घालावी लागेल. संमतीच्या फॉर्मवर सही करा, आज दुपारीच करून घेऊ. विलासने फॉर्म घेतला. दुपार गेली आणि कुणी मला न्यायला आलं नाही.

संध्याकाळी पाचला विलास आला तेव्हा फॉर्म त्याच्या शर्टाच्या खिशात घडी करून होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्यामागून स्नेहल आली, तिचे डोळे सुजलेले. तिच्याकडूनच कळलं. महिला मंडळाने माझ्यासाठी तीन दिवसांचा उपास धरला होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारच्या भक्तीनंतर उपास सोडायचा. आमच्यात उपास म्हणजे साबुदाणा-वरई नसतं, पाण्यावर राहतात. वीसेक बायका बसल्या होत्या, त्यातल्या दोघी-तिघींना शुगर. आणि सरोजमावशींनी विलासला खाली रिसेप्शनपाशी गाठून सांगितलं होतं, की उपास सुटेपर्यंत थांब. रविवारपर्यंत ती आपल्या आपण श्वास घेईल. तू आजच तिच्या गळ्याला कात्री लावायला दिलीस, तर आमच्या विश्वासाला काय अर्थ राहिला?

विलास चांगला माणूस आहे. त्याच्यात एकच खोट आहे, वडीलधाऱ्यांना नाही म्हणणं त्याला जमत नाही. शिवाय तो मनातून घाबरलेला होता. गळा कापणं हा शब्दच त्याला सोसत नव्हता. उपासाच्या आडोशाला त्याला दोन दिवस मिळत होते.

बापलेकीत खालीच वाजलं होतं. आमच्या शेजारच्या हौसाकाकू डबा घेऊन आल्या होत्या, त्या काळेवाडीच्या जुन्या घरातल्या, विठ्ठलाला मानणाऱ्या. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, “आरं, देव तुमचा काय नि आमचा काय, त्यो डाक्टरच्या हाताला धरून न्हाई बसलेला. जिला भोगायचंय तिला इचारलं का?”

म्हणून ते दोघं वर आले होते. विलासने विचारलं, हे त्याच्या बाजूने मी नेहमी सांगते. तो माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “तुला काय वाटतं, प्रमिला? दोनच दिवसांचा प्रश्न आहे. सगळ्या जणी उपाशी बसल्यात तुझ्यासाठी.”

स्नेहलने कागद धरला. मी सांगितलं, सही कर.

तो म्हणाला, पण मावशी म्हणतात... मी डोळे मिटले. पुन्हा पहिल्यापासून तीच चार अक्षरं सांगितली. तापाने घाम फुटला होता, स्नेहल तो पुसत होती आणि बोट सरकवत होती. भेटायची वेळ संपत आली होती, नर्स दारातून बघत होती. मी थांबले नाही. मला आणखी काही सांगायचं होतं आणि ते सांगितल्याशिवाय मी त्याला जाऊ देणार नव्हते. स्नेहलने अक्षरं जुळवून मोठ्याने वाचलं, “त्यांना जेवायला सांग.”

विलासने बेडच्या लोखंडी कडेला कपाळ टेकलं. थोड्या वेळाने उठला, खिशातून फॉर्म काढला आणि माझ्यासमोर, नर्सच्या पेनने, माझ्याच बेडच्या कडेवर ठेवून सही केली.

शांती

सकाळी मला थिएटरमध्ये न्यायचं ठरलं. सगळे गेल्यावर मी अपराधीपणाची वाट बघत पडले होते. आता येईल, म्हटलं. वीस बायकांच्या भुकेवर मी पाणी ओतलं होतं. आईच्या जागी असलेल्या बाईला खोटं पाडलं होतं. लहानपणापासून ऐकत आले होते, की विश्वास कमी पडला तर आशीर्वाद हुकतो.

तेव्हा मी दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा देवाशी बोलले. तोंड न हलवता, सरळ. म्हटलं, सही मी करायला लावली आहे, विलासने नाही. तुला राग आला असेल तर मला सांग, दुसऱ्या कुणाच्या तोंडून निरोप पाठवू नकोस. आणि मी थांबले, खरंच उत्तराची वाट बघत.

राग आला नाही. कसलाच आवाज आला नाही. उजेड पडला, अंग हलकं झालं, असलं काहीही झालं नाही. मशीन तसंच फुसफुसत होतं, ताप तसाच होता आणि भीतीसुद्धा होतीच. पण माझ्या आणि भीतीच्या मध्ये कुणीतरी खुर्ची टाकून बसलं होतं. याहून चांगलं मला सांगता येत नाही. आयुष्यभर ज्याला मी हात जोडून, आवाज चढवून बोलवत आले, तो मी काहीच करू शकत नसताना तिथे बसलेला होता आणि त्याला माझ्याकडून काही नको होतं. मला रडू आलं. पाणी कानात जात होतं आणि पुसायला हात नव्हता. ते तसंच जाऊ दिलं.

मला कुणी म्हणेल, औषधांचा परिणाम असेल. असेना का. चार महिने टिकला तो.

लाइनवरून

गळ्याला नळी बसली, तोंड मोकळं झालं, तापही उतरला. पण हात-पाय तसेच होते. त्या दिवसांत मी माझी प्रार्थना तयार केली. दुपारी साडेबाराला भेटायला आलेली माणसं गेली की मी मनाने चाकणला जायची. लाइनच्या पहिल्या स्टेशनपासून सुरुवात करायची. तिथे बीडची संगीता उभी असते, तिच्या घरी नवरा पितो. मशीन एक श्वास आत सोडायचं, त्या श्वासाला संगीताचं नाव. पुढच्या श्वासाला पुढचं स्टेशन, तिथली रेखा, जिचं लग्न ठरत नव्हतं. मग तो पीस आवाज न करता परत आणून देणारी पोरगी. असं करत शेवटच्या पॅकिंगपर्यंत. ज्या सुपरवायझरला शिवी दिली होती त्याच्यापाशी पहिले काही दिवस मी श्वास वाया घालवला नाही. नंतर त्याचंही नाव घेतलं, थोडं घाईत.

स्वतःसाठी काही मागायचं मी सोडून दिलं होतं. त्यात मोठेपणा नव्हता. मला काय हवं ते देवाला आणि मला, दोघांनाही माहीत होतं, रोज काय तेच तेच सांगायचं. पण लाइन संपेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर यायचा आणि मला झोप लागायची. जो श्वास माझा नव्हता, मशीनचा होता, त्यावरही प्रार्थना चढवता येते हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सरोजमावशी

त्या आठवडाभर आल्या नाहीत. उपास त्यांनी मोडला नव्हता. इतरांना विलासचा निरोप सांगून जेवायला लावलं आणि स्वतः एकट्या रविवारपर्यंत पाण्यावर राहिल्या. हे मला नंतर कळलं. अशा हट्टी बाईवर मी का जीव टाकते ते मला चांगलं ठाऊक आहे.

आल्या तेव्हा पायथ्याशी उभ्या राहिल्या. गळ्यातल्या नळीकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “तुझ्यासाठी देवाशी भांडायला निघाले होते गं, आणि भांडले तुझ्या नवऱ्याशी.”

मी वर बघितलं. म्हणजे, हो, तसंच झालं. त्यांना काहीतरी मऊ उत्तर हवं होतं, पण ते मी दिलं नाही.

त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली नाही. फिजिओथेरपीवाल्या मुलीला विचारून त्यांनी माझे पाय कसे हलवायचे ते शिकून घेतलं. रोज दुपारी यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि माझ्या पायाचं एकेक बोट दहा-दहा वेळा खाली-वर करायच्या. गप्प. वर्गावरचा तो आवाज कुठे ठेवून यायच्या कोण जाणे. पाचव्या आठवड्यात डाव्या अंगठ्याने त्यांच्या बोटाला उलट दाबलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत दाबलं तेव्हा डॉक्टरांना बोलावलं.

घरी

आजार एकट्याला होत नाही. स्नेहल आणि तिचे वडील दीड महिना कामापुरतं बोलत होते. विलास फॉर्म खिशात घालून तीन तास हॉस्पिटलभोवती फिरला होता, हे त्याने मला, मशीन सुटून आणि गळ्यातली नळी निघून मी घरी आल्यावर सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि मग खरखरीत आवाजात जे मनात होतं ते सगळं सुनावलं. ‘झालं गेलं’ म्हणून मी ते पुसून टाकलं नाही. त्या तीन तासांत मी मेले असते. हे सुनावल्यापासून रोज तो माझे केस विंचरतो, वेणी वाकडी घालतो, आणि मी रोज थोडं थोडं माफ करते. एकदम जमत नाही.

चांगलंही झालं. हौसाकाकूंनी आणलेली ज्वारीची पातळ पेज हा माझ्या घशाखाली गेलेला पहिला पदार्थ. कंपनीच्या बसमधल्या बायका शिफ्ट सुटल्यावर येऊन माझ्या हातात जुने कनेक्टर द्यायच्या, बोटांना व्यायाम म्हणून. तीन महिने ‘टिक’ कळलं नाही. ‘बिचारी’ मात्र खूप जणांनी म्हटलं. त्यांना मी परत यायला सांगितलं नाही.

साक्ष

आमच्यात आजारातून उठलेल्या माणसाने उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची असते. मंडळीचे सेक्रेटरी आदल्या आठवड्यात घरी आले. त्यांनी मला समजावलं, की डॉक्टरांनी हात टेकले होते आणि बहिणींच्या उपासाने तू उठलीस, असं सांगितलंस तर तरुणांचा विश्वास वाढेल. मी त्यांना चहा दिला.

रविवारी वॉकर घेऊन पुढे गेले. उभं राहणं झेपेना, खुर्ची मागितली. माझा आवाज अजून घोगरा आहे, माइक तोंडाशी धरावा लागला. मी म्हटलं, “डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. त्यांनी हात पुढे केला होता, आपणच तो अडवला होता. मी अजून बरी नाही. पण मला शांती मिळाली आहे, आणि ती मला त्या सहीनंतर मिळाली. त्यासाठी मी देवाचे आभार मानते.”

कुणीच आमेन म्हणालं नाही. पंखे फिरत होते. सेक्रेटरी चपला बघत होते. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला तेव्हा लोकांना जरा सुटल्यासारखं झालं. भक्तीनंतर चहाला पुष्कळ जण माझ्या बाजूला आले नाहीत. सरोजमावशी आल्या, माझ्या हातात कप नीट बसवून दिला आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या, सगळ्यांना दिसेल अशा.

मी निघाले तेव्हा फाटकापाशी एक बाई थांबली होती. सुनंदा, मागच्या बाकावर बसणारी. कधी बोलणं झालं नव्हतं. तिने इकडेतिकडे बघून सांगितलं, की तिच्या नवऱ्याला फिट येतात. कुठल्याशा सभेत त्याच्यासाठी प्रार्थना झाली, तेव्हापासून दीड महिना त्याने गोळ्या बंद केल्यात. तो पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनवर काम करतो. तिने विचारलं, “तुम्ही घरी याल का?”

गुरुवारी गेले. विलासने स्कूटरवरून सोडलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिना चढायला मला अर्धा तास लागला, प्रत्येक वळणावर बसले. सुनंदाचा नवरा दारात होता, उंच, तरणाताठा माणूस. मला खुर्ची दिली. नम्रपणे बोलला, पण मनातलं लपवलं नाही. म्हणाला, “ताई, राग मानू नका. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून सही करावी लागली.”

“असेल कमी,” मी म्हटलं. “जेवढा होता तेवढ्यात देवाने भागवलं. तुमचा जास्त आहे, तर त्याला एक गोळी जड होईल का?”

मग म्हणाला, तुम्ही आधी प्रार्थना करा, गोळीचं नंतर बघतो. मी नाही म्हटलं. आधी गोळी. जिना चढायला मला अर्धा तास लागलाय, उतरायची घाई नाही.

सुनंदाने पाण्याचा पेला आणि गोळी आणून टेबलावर ठेवली आणि ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी त्याच्याकडे बघत होते, तो पेल्याकडे. खालच्या रस्त्यावरून कंपनीच्या बसेस गेल्या. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी मनातल्या मनात श्वास घेत होते, आता माझे स्वतःचे, आणि प्रत्येकाला त्याचं नाव देत होते.

शेवटी त्याने गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायला. गिळल्याची खात्री होईपर्यंत मी त्याच्या गळ्याकडे बघितलं. मग वॉकर बाजूला सरकवला, हात पुढे केले, आणि त्या दोघांना म्हटलं, “आता डोळे मिटा.”